डोंगल दर दहा-पंधरा मिनिटांनी तुटायलंय (बेळगाव, वडगाव) – कारण सापडलं

वडगाव_गल्ली | सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. घरचा कॉम्प्युटर २०१७ साली जोडून घेतलेला आहे. विंडोज १०, ४ जीबी रॅम. दिवसा यावर आमच्या साड्यांचा हिशोब चालतो: कुणाला किती सूत दिलं, किती साड्या परत आल्या, मजुरी किती झाली. रात्री मुलगा बसतो. तो पीयूसी दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला) आहे, सीईटी या प्रवेश परीक्षेचे सराव पेपर ऑनलाइन सोडवतो.

आधी राऊटर कॉम्प्युटरच्या शेजारीच होता, लॅनची वायर लावून बिनघोर चालायचं. गेल्या महिन्यात फायबर घेतलं आणि जोडणाऱ्या मुलानं राऊटर रस्त्याकडच्या सोप्यात बसवला. कॉम्प्युटर मागच्या खोलीत आहे. मध्ये जुन्या मातीच्या दोन भिंती, चांगल्या दीड हात जाडीच्या. वायर ओढायची तर देवघरावरून न्यावी लागते, त्याला सासूबाई तयार नाहीत. म्हणून सातशे रुपयांचा युएसबी वाय-फाय डोंगल आणला, युएसबीच्या खाचेत लावला की कॉम्प्युटरला वाय-फाय पकडता येतं तो.

तो चालतो, खरं टिकत नाही. दहा-पंधरा मिनिटं झाली की तुटतं, मग आपोआप जोडतं, कधी जोडतच नाही. सकाळी कॉम्प्युटर चालू केला की कधीकधी वाय-फायच गायब असतं आणि ‘माय कॉम्प्युटर’मध्ये एक सीडी ड्राइव्ह दिसतो, जो आमच्या कॉम्प्युटरला नाहीच. लाईट जाऊन आली की आणखी वेगळंच: वाय-फाय जोडलेलं दिसतं आणि एकही साइट उघडत नाही. फोनवर मात्र त्याच वेळी सगळं नीट चालतं.

शेजारी यंत्रमाग आहेत. ते सुरू असताना जास्त तुटतं असा मला संशय आहे. काल सराव पेपर तिसऱ्यांदा मध्येच गेला. पोरगा काही न बोलता उठून गेला, ते मला फार लागलं. कुणाला कळत असेल तर सांगा.

कॅम्प_कॉर्नर | सोमवार, रात्री १०:३२

विंडोज नव्यानं टाका. माझं असंच होत होतं, फॉरमॅट मारल्यावर गेलं.

निपाणीकर | सोमवार, रात्री ११:०५

ताई, फॉरमॅट अजिबात मारू नका. हिशोब त्यावर आहे म्हणताय. आधी तो पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, मग पुढचं.

माझं निपाणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. असे डोंगल दर आठवड्याला येतात. गिऱ्हाईक ‘तुटतं’ म्हणतं, पण त्या एका शब्दात तीन वेगळे आजार असतात आणि तिन्हींचं औषध वेगळं. म्हणून पुढच्या वेळी तुटेल तेव्हा एवढंच बघा. कॉम्प्युटरमधून ‘टोंग’ असा आवाज येतो का, पेन ड्राइव्ह काढल्यावर येतो तसा? येत असेल तर डोंगल युएसबीवरूनच निसटतोय, वाय-फायचा तिथं काही संबंध नाही. आवाज नाही पण घरच्या वाय-फायचं नाव यादीतून जातं किंवा रेंजच्या काड्या उतरतात, तर भानगड हवेतली. आवाज नाही, काड्या भरलेल्या, ‘कनेक्टेड’ लिहिलेलं आणि तरी काही उघडत नाही, तर घोटाळा त्याच्याही पुढचा. तुमच्या लिहिण्यावरून मला तिन्ही असल्याचा वास येतोय, म्हणून एकेक वेगळं काढायला लागेल.

दुसरं काम. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘नेटवर्क ॲडॅप्टर्स’मध्ये डोंगलचं नाव असेल. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खालच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तिथं व्हीआयडी (कंपनीचा नंबर) आणि पीआयडी (त्या उपकरणाचा नंबर) असे दोन आकडे दिसतील, ते इथं लिहा. खोक्यावरचं नाव मला नको. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या डोंगलमध्ये आवृत्ती बदलली की आतली चिप बदललेली असते, आणि ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून उपकरण चालवून घेणारं सॉफ्टवेअर, चिपचा लागतो, खोक्याचा लागत नाही.

आणि नेटवर ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करा’ असं सांगणारी सॉफ्टवेअर दिसतील, ती घेऊ नका. अशांनी बिघडवलेली मशीनं मी पुष्कळ बघितलीत.

चंदगडी | मंगळवार, सकाळी ७:५०

आमच्या बहिणीचं घर बेळगुंदीला, तिथं वेगळाच प्रकार झाला होता. फोनला घरचं वाय-फाय दिसायचं, डोंगलला दिसायचंच नाही. शेजाऱ्यांची तीन-चार नावं दिसत, स्वतःचं नाही. राऊटर १३ नंबरच्या चॅनलवर (वाय-फायच्या पट्ट्यातल्या एका कप्प्यावर) होता आणि डोंगलचा ड्रायव्हर अमेरिकेच्या नियमावर बसलेला. तिकडं साधारणपणे ११ पर्यंतच वापरतात, आपल्याकडं १३ चालतो. राऊटरमध्ये ऑटो काढून ११ ठेवलं, लगेच दिसायला लागलं. ताईंना उपयोगी नसेल, पण हा धागा शोधत कुणी येईल म्हणून लिहून ठेवलं.

वडगाव_गल्ली | मंगळवार, रात्री ९:२०

निपाणीकर दादा, हिशोब दोन पेन ड्राइव्हवर काढला. सूत मोजायच्या वहीत नवीन पान घेऊन संध्याकाळी ७ ते १० बसून लिहिलं. एकूण ११ वेळा तुटलं. त्यातले ७ वेळा ‘टोंग’ आवाज आला, ४ वेळा आवाज नाही, नुसत्या काड्या गेल्या.

आकडे: व्हीआयडी ०बीडीए, पीआयडी सी८११. पण सकाळी जेव्हा तो खोटा सीडी ड्राइव्ह दिसत होता तेव्हाही मी बघितलं, तेव्हा पीआयडी १ए२बी होता. एकाच डोंगलचे दोन नंबर कसे?

पेंग्विन_खानापूर | मंगळवार, रात्री ९:४१

अक्का, तुम्ही दोन्ही वेळा बघितलंत हे लई चांगलं केलंत, त्यातच एक उत्तर आहे.

०बीडीए हा रिअलटेक या चिप बनवणाऱ्या कंपनीचा नंबर. १ए२बी म्हणजे डोंगल अजून ‘सीडी’च्या वेषात आहे. या डोंगलच्या आत थोडी मेमरी असते, तिच्यात ड्रायव्हर ठेवलेला असतो. पहिल्यांदा लावला की तो स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून ओळख देतो, म्हणजे वेगळी सीडी न देता ड्रायव्हर टाकता येतो. ड्रायव्हर एकदा बसला की तो डोंगलला ‘आता रूप बदल’ असं सांगतो, मग सीडी जाते आणि सी८११ उभा राहतो, तोच खरा वाय-फाय. तुमच्याकडं काही सकाळी हा बदल होत नाही. तसं झालं की त्या सीडीवर राइट क्लिक करून ‘इजेक्ट’ करा, बहुतेक वेळा लगेच वाय-फाय येतं.

लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली) हेच काम युएसबी-मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम करतो. मी गावच्या शाळेत जुन्या मशीनवर लिनक्स बसवतो, तिथं पहिल्या डोंगलला मी दोन दिवस झगडलो होतो, तेव्हा हे कळलं.

निपाणीकर | मंगळवार, रात्री १०:१०

बरोबर. आणि सी८११ म्हणजे चिप आरटीएल८८११सीयू. ताई, एक चांगली बातमी: तुमचा डोंगल वाय-फायच्या दोन्ही पट्ट्यांवर चालतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. खोक्यावर ६०० लिहिलेलं असेल. तो आकडा २.४ चे १५० आणि ५ चे ४३३ यांची बेरीज वर ढकलून केलेला असतो. दोन्ही एकदम कधी मिळत नाहीत, आणि त्यातलं प्रत्यक्ष हाताला निम्म्याच्या आसपास लागतं. तुमच्या कामाला तेवढं भरपूर आहे.

सकाळच्या सीडीचं: रात्री तुम्ही शटडाउन करता ना? विंडोज १० मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन पुरतं होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवतात आणि सकाळी तसाच उठवतात. ड्रायव्हरला वाटतं डोंगल कालच्याच अवस्थेत आहे, तर डोंगल बिचारा वीज गेल्यामुळं पुन्हा सीडी होऊन बसलेला असतो. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, ‘पॉवर बटण काय करतं’ तिथं जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. कॉम्प्युटर उघडायला थोडा जास्त वेळ घेईल, तो घेऊ द्या.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या प्रॉपर्टीजला ‘पॉवर मॅनेजमेंट’ पान असेल. ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी’ अशा अर्थाची खूण तिथली काढा. पॉवर प्लॅनमध्ये ‘युएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ असतं, तेही बंद करा.

ड्रायव्हर नवा घ्यायला नेट लागेल. फोन वायरनं कॉम्प्युटरला जोडा, फोनमध्ये ‘युएसबी टेदरिंग’ चालू करा. फोन वाय-फायवर असू द्या, डेटा पॅक जाणार नाही. बहुतेक ॲन्ड्रॉइड फोन अशा वेळी स्वतःच डोंगलचं काम करतात आणि विंडोजला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तोवर पोराचे पेपर यावरच होऊ देत. यानं आपली एक परीक्षाही होते: फोनवरून तीन तास न तुटता चाललं तर राऊटर आणि फायबर दोन्ही निर्दोष.

वडगाव_गल्ली | बुधवार, रात्री १०:४५

टेदरिंगवर पेपर पुरा झाला! तीन तासांत एकदाही तुटलं नाही. त्याला १८० पैकी ११२ पडले आणि आज जेवताना तो आपणहून बोलला. दादा, तुमचे उपकार.

ड्रायव्हर विंडोज अपडेटमधूनच नवा मिळाला. फास्ट स्टार्टअप आणि वीज वाचवायच्या दोन्ही खुणा काढल्या. पोराचा पेपर झाल्यावर डोंगल लावून दीड तास बसले: ५ वेळा तुटलं, ४ वेळा ‘टोंग’. म्हणजे फारसा फरक नाही.

लोंढा_जंक्शन | गुरुवार, सकाळी ६:१५

मी सिग्नल खात्यात तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. पहाटे वाचन होतं, त्यात हा धागा दिसला.

मुली, डोंगल कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला लावला आहेस की मागच्या? आणि ज्या खाचेत लावलास ती आतून निळी आहे की काळी? शेजारच्या खाचेत काही असतं का, हार्ड डिस्क वगैरे?

वडगाव_गल्ली | गुरुवार, सकाळी ९:००

काका, पुढच्या बाजूला. तिथं दोन खाचा आहेत, दोन्ही निळ्या. एकात डोंगल, दुसरीत बाहेरची हार्ड डिस्क, साड्यांच्या डिझाइनचे फोटो तिच्यात असतात. ती कायम लावलेली असते.

लोंढा_जंक्शन | गुरुवार, सकाळी ११:३०

तर मग दोन गोष्टी एकावर एक बसल्या आहेत. सावकाश वाच.

पहिली विजेची. मागच्या खाचा थेट मदरबोर्डवर डाक लावून बसवलेल्या असतात. पुढच्या खाचा कॅबिनेटच्या आतून हातभर वायरनं बोर्डाला जोडलेल्या असतात, आणि स्वस्त कॅबिनेटात ती वायर बारीक असते, तिचा प्लग ढिला बसलेला असतो. ५ व्होल्ट निघतात, पोचेपर्यंत कमी होतात. डोंगल नुसता ऐकत असतो तेव्हा भागतं. पण तुझा राऊटर दोन मातीच्या भिंतींपलीकडं आहे. रेंज कमी असली की डोंगल सावकाश वेगानं आणि तेच तेच पुन्हा पाठवत राहतो, म्हणजे त्याला जास्त वेळ बोलावं लागतं आणि बोलताना वीज जास्त लागते. त्याच वायरवर हार्ड डिस्कही ओढते आहे. एका क्षणी व्होल्टेज इतकं खाली जातं की डोंगल बंद पडून पुन्हा सुरू होतो. तुला ऐकू येणारा ‘टोंग’ तो हा.

दुसरी हवेची. निळी खाच म्हणजे युएसबी ३. तिच्यातून ५ गिगाबिटच्या वेगानं माहिती धावते, आणि त्या धावण्याचा जो विद्युत गोंगाट बाहेर सांडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पडतो. इंटेलनं २०१२ साली यावर मोजमापांसकट एक टिपण प्रसिद्ध केलं होतं, उत्सुकता असेल त्यांनी जरूर वाचावं. हार्ड डिस्क निळ्या खाचेत, वायर तिची साधी, आणि डोंगल तिला चिकटून. कानाशी पिठाची गिरणी चालू असताना सोप्यातल्या माणसाचं बोलणं ऐकायचं, तशी त्याची गत आहे.

उपाय स्वस्त आहे. मीटर-दीड मीटरची साधी युएसबी एक्स्टेन्शन वायर आण. मागच्या काळ्या खाचेत लाव आणि डोंगल वर, दाराच्या चौकटीपाशी टांग. वायर फार लांब घेऊ नकोस, लांबी वाढली की पुन्हा व्होल्टेजचा प्रश्न येतो.

पण माझी विनंती आहे, सगळं एकाच दिवशी बदलू नकोस. एकेक बदल आणि प्रत्येकाचं वहीत टिपण. आम्ही सिग्नल यंत्रणेत दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट हलवायचो. दोन हलवल्या की दोष गेला तरी कशानं गेला ते कळत नाही, आणि मग तो परत येतो तेव्हा आपल्या हातात काही नसतं.

कॅम्प_कॉर्नर | गुरुवार, दुपारी १:०५

काका, हे माहीत नव्हतं. माझाही डोंगल पुढंच होता आणि फॉरमॅटच्या दिवशीच मी टेबल हलवून तो मागं लावला होता. फॉरमॅटनं गेलं असं मी धरून चाललो होतो. ताई, माझा सल्ला मागे घेतो.

अथणी_८८ | गुरुवार, दुपारी ३:४०

मध्ये विचारतोय, राग मानू नका. माझ्या फोनला आमच्या राऊटरची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी आहे. कॉम्प्युटरला डोंगलवर एकच दिसतं. डोंगल खराब आहे का? दुकानदार बदलून द्यायला तयार नाही.

निपाणीकर | गुरुवार, दुपारी ४:१०

अथणीकर, वर सांगितलंय तसे व्हीआयडी आणि पीआयडी टाका, मग बोलू.

वडगाव_गल्ली | रविवार, रात्री ९:५५

तीन दिवस लिहिलं नाही कारण काकांनी सांगितलं तसं एकेक करत होते. वहीतलं इथं उतरवते. रोज ७ ते १०, पोरगा टेदरिंगऐवजी मुद्दाम डोंगलवरच बसला, म्हणाला पेपर नको, नुसते व्हिडिओ बघतो, तू मोज.

गुरुवार: डोंगल फक्त मागच्या काळ्या खाचेत हलवला. बाकी सगळं तसंच, हार्ड डिस्क पुढं निळ्यात. ‘टोंग’ एकदाही नाही. पण काड्या ३ वेळा गेल्या.

शुक्रवारी शेजारचे माग दिवसभर बंद होते, वारप (ताण्याचं सूत) यायचं होतं म्हणून. माझा पहिला संशय मागांवर होता ना, तर त्याचा निकाल लावायचा म्हणून डोंगल मुद्दाम परत पुढच्या खाचेत लावला. माग बंद, आणि तरी ९ वेळा तुटलं. मागांचा काही दोष नव्हता. मी महिनाभर मनात त्यांना बोल लावत होते.

शनिवार: खडेबाजारातून दीड मीटरची वायर आणली, नव्वद रुपये. मागच्या काळ्या खाचेतून वर चौकटीच्या खिळ्याला डोंगल टांगला. तीन तास, शून्य. हार्ड डिस्कवर फोटो चढवत असतानाही शून्य. डाउनलोडचा वेगही मोजला. वायरीशिवाय, मागच्याच खाचेत, डिस्क चालू असताना ४ एमबीपीएस यायचा. वायरीवर टांगल्यावर डिस्क चालू असतानाच २३.

आज रविवारी दादांनी सांगितलेला ५ गिगाहर्ट्झ बघितला. सोप्यात कॉम्प्युटर नेऊन लावला तर १६० च्या वर गेला, पोरगा नाचायला लागला. पण मागच्या खोलीत चौकटीला टांगून एकच काडी, मध्येच तुटतो. मातीची भिंत त्याला जाऊ देत नाही. म्हणून २.४ वरच ठेवलं.

फास्ट स्टार्टअप काढल्यापासून खोटी सीडी एकदाही दिसली नाही.

एकच राहिलंय. आज दुपारी लाईट दोन तास गेली. आल्यावर पुन्हा तेच: काड्या पूर्ण, ‘कनेक्टेड’, आणि साइट उघडत नाही. ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ असं लाल अक्षरात येतं. टेदरिंग करून बघितलं तर टेदरिंगवरही तेच! म्हणजे डोंगल नाही, राऊटर नाही. मग काय?

पेंग्विन_खानापूर | रविवार, रात्री १०:०२

अक्का, उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा आधी.

वडगाव_गल्ली | रविवार, रात्री १०:०६

१ जानेवारी २०१७ दाखवायलंय.

पेंग्विन_खानापूर | रविवार, रात्री १०:१८

झालं. मदरबोर्डवरचा बटन सेल संपलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा, रुपयाच्या नाण्याएवढा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वीज नसताना कॉम्प्युटरचं घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला आणि लाईट गेली की घड्याळ पहिल्या दिवसावर जातं. प्रत्येक सुरक्षित साइट स्वतःचं एक प्रमाणपत्र दाखवते, त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत खरं’ असं असतं. तुमचा कॉम्प्युटर २०१७ मध्ये उभा राहून आजचं प्रमाणपत्र बघतो आणि म्हणतो हे अजून सुरूच झालेलं नाही, मी विश्वास ठेवणार नाही. त्याच्या परीनं त्याचं बरोबरच आहे.

आता तारीख हातानं बरोबर करा, साइट लगेच उघडतील. घड्याळ इतकं मागे पडलेलं असलं की विंडोज ते आपोआप दुरुस्त करेलच असं नाही. सेल बदलताना कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून काढा, आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, आणि सेलची लिहिलेली बाजू वर ठेवा.

आमच्या शाळेत जांबोटीकडच्या पावसात लाईट तासन् तास जाते. तिथं सहा मशीनना एकदम हा रोग झाला होता, आणि दोन शिक्षक राऊटर बदलायला निघाले होते.

वडगाव_गल्ली | सोमवार, दुपारी १२:४०

सेल २५ रुपयांना मिळाला. पोरानंच बदलला, मी टॉर्च धरला. मग मुद्दाम प्लग काढून अर्धा तास ठेवला. चालू केल्यावर तारीख बरोबर!

पेंग्विन, तू शाळेत लिनक्स बसवतोस म्हणालास. आमच्या मशीनला विंडोज ११ बसत नाही असं कळलं आणि १० ची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. लिनक्स घेतलं तर हा डोंगल चालेल का? हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजचंच आहे, त्यामुळं लगेच बदलणार नाही, पण पोराला हौस आहे.

पेंग्विन_खानापूर | सोमवार, दुपारी २:१५

चालेल. या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नल (गाभा) ६.२ पासून आतच आलाय, म्हणजे २०२३ पासून. त्याआधीच्या कर्नलवर बाहेरून ड्रायव्हर आणून बांधायला लागायचा आणि कर्नल बदलला की तो पुन्हा मोडायचा. म्हणून नवं वितरण (लिनक्सची तयार आवृत्ती) घ्या, जुनं कुणी सीडीवर दिलं तर घेऊ नका. पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघा, डिस्कवर काही न टाकता. वाय-फाय दिसलं, तासभर टिकलं, मगच पुढचा विचार. आणि हिशोबाचा कॉम्प्युटर पोराच्या प्रयोगाला देऊ नका अक्का, त्याला जुना वेगळा डबा शोधून द्या. मला खानापुरात एक-दोन ठिकाणं माहीत आहेत, निरोप पाठवतो.

लोंढा_जंक्शन | सोमवार, संध्याकाळी ५:३०

मुली, वहीचं पान फाडू नकोस. त्यावर तारखा घालून ठेव. पुढं कधी बिघडलं तर तिथून सुरुवात करता येईल.

आणि एक राहिलं. वडगावात घरं भिंतीला भिंत लागून, प्रत्येकाकडं राऊटर. २.४ वरच राहणार असशील तर राऊटर १, ६ किंवा ११ यांपैकी ज्या चॅनलवर गर्दी कमी त्यावर कायम ठेव. एकेक चॅनल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर असतो आणि वाय-फायचा आवाज जवळजवळ २० मेगाहर्ट्झ पसरतो, त्यामुळं ३ किंवा ४ वर ठेवलं तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा त्रास तुला आणि तुझा त्यांना. फोनवर गर्दी दाखवणारी ॲपं फुकट मिळतात.

वडगाव_गल्ली | पुढचा सोमवार, रात्री ९:१०

आठ दिवस झाले. एकदाही तुटलं नाही. राऊटर ६ वर होता, तिथं सात घरं होती, ११ वर दोनच, म्हणून ११ केला. वेग ३१ पर्यंत येतोय. लाईट तीनदा गेली, तारीख हलली नाही. सासूबाईंनी चौकटीला टांगलेला डोंगल बघून विचारलं हे काय, मी म्हटलं तुमचं देवघर वाचवणारं आहे. त्यांनी तिथं खिळा अजून पक्का ठोकून दिला.

एकूण खर्च ११५ रुपये. शीर्षकात ‘कारण सापडलं’ लिहिलंय, म्हणजे शोधणाऱ्याला कळेल. निपाणीकर दादा, काका, पेंग्विन, तुम्ही तिघांनी माझ्या पोराचा महिना वाचवलात.

अथणी_८८ | पुढचा सोमवार, रात्री ९:३५

उशीर झाला, रायबागला कामाला गेलो होतो. माझे आकडे: व्हीआयडी १४८एफ, पीआयडी ७६०१.

निपाणीकर | पुढचा सोमवार, रात्री ९:५०

मीडियाटेकची एमटी७६०१यू. ही फक्त २.४ ची चिप आहे, ५ गिगाहर्ट्झचं, म्हणजे शेवटी ५जी असलेलं नाव तिला कधीच दिसणार नाही. डोंगल खराब नाही, दुकानदाराशी भांडू नका. राऊटरचं ५जी नसलेलं नाव धरा. तिकडं पासवर्ड बरोबर टाकूनही जोडत नसेल तर राऊटरच्या सुरक्षेत डब्ल्यूपीए३ (वाय-फाय सुरक्षेची नवी पद्धत) आहे का बघा, असेल तर डब्ल्यूपीए२ करा. आणि तोही पुढच्या निळ्या खाचेत असेल तर आधी मागं लावा.